संथ बोटीची उलाळ

गाडी भरणारा जाणता माणूस शेवटच्या दोन पोत्यांपाशी थांबतो. दांडीवर तळहात ठेवून किंचित दाबतो आणि मग सांगतो, "एक पुढं, एक मागं." उदगीर-देवणी पट्ट्यात ट्रॅक्टर आले तरी जुन्या गाडीवानांचा हा हात अजून विसरलेला नाही. भार मागं गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जोतं बैलांच्या गळ्याला आवळतं. भार पुढं आला तर गाडी धुरजड, सगळं ओझं मानेवर. देवणीची जोडी कितीही दमाची असो, उलाळ गाडीपुढं ती लवकर थकते.

पाण्यावरच्या बोटीलाही अशीच उलाळ असते. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर आहे की खाली, बोट कुठल्या अंगाला कलली आहे, या सगळ्या हिशोबाला बोटवाले ट्रिम म्हणतात. हा हिशोब बसल्या जागी, बटणानं दुरुस्त करता यावा म्हणून वेगवान बोटींना ट्रिम टॅब नावाचं जोडसाधन लावतात. पिछाडीच्या खालच्या कडेला बिजागरीवर बसवलेल्या दोन स्टीलच्या पट्ट्या, एवढंच ते असतं. बटण दाबलं की हायड्रॉलिक किंवा विजेवरचा दांडा पट्टी खाली ढकलतो. तळाखालून मागं जाणारं पाणी तिच्यावर आदळतं, पिछाडी उचलली जाते आणि नाळ खाली येते. एकाच बाजूची पट्टी खाली केली तर ती बाजू वर येते आणि कललेली बोट सरळ होते. २० नॉटनं, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरनं धावणाऱ्या बोटीत या पट्ट्यांचा गुण दोन-चार सेकंदांत दिसतो. समोरचं पाणी दिसायला लागतं, आपटणं कमी होतं, इंधनही वाचतं.

पण सहा-सात नॉटनं चालणाऱ्या संथ बोटीला त्या लावाव्यात का? पर्यटकांना फिरवणारी लाँच, धरणातली प्रवासी बोट, पुरात माणसं काढणारी भरलेली बोट, शिडाची सफरी नौका, यांच्यासाठी हा खर्च सार्थकी लागतो का? या लेखाचं उत्तर स्पष्ट आहे: लागत नाही. आणि तो पैसा जिथं लागायला हवा ती जागा वेगळीच आहे.

समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या उदगीरला याचं काय, असं कुणी विचारेल. त्यानं ऑगस्ट २०२५ आठवावा. उदगीरच्या बाजूनं आलेलं पाणी लेंडी नदीत उतरलं आणि शेजारच्या मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगोली या गावांना वेढा पडला. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं आली, लष्कर आलं. ज्या मुलखानं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी लातूरला उतरताना पाहिलं, त्याच मुलखात नऊ वर्षांनी माणसं काढायला बोटी लागल्या. मराठवाड्यात बोट हा आता सहलीपुरता विषय उरलेला नाही. तिच्यावर सरकारी पैसा खर्च होणार आहे, आणि तो कशावर व्हावा हे बोलण्याचा हक्क इथल्या माणसाला आहे.

आता थोडा हिशोब. वाहत्या पाण्याचा पट्टीवरचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग तिप्पट झाला तर जोर नऊपट. साठ सेंटिमीटर लांब आणि तेवीस सेंटिमीटर रुंद अशी एक पट्टी घ्या आणि ती दहा अंश खाली वाकवा. धावत्या बोटींसाठी नौकाशास्त्रात वापरतात त्या सूत्रानं ढोबळ आकडेमोड केली तर १८ नॉटला ती पट्टी अडीच क्विंटलांहून जास्त उचल देते. सहा नॉटला तीच पट्टी तीस किलोच्या आसपास येते. तीन नॉटला उरतात सात-आठ किलो. तीस किलो म्हणजे नऊ-दहा वर्षांचं एक पोर. बोटीच्या पिछाडीला बसलेल्या अशा एका पोराला "बाळा, जरा मधे येऊन बस" असं म्हटलं, तर जे काम होतं तेच सहा नॉटला ही पट्टी करते. शिवाय पोराला बॅटरी लागत नाही आणि त्याच्या बिजागरीत शेवाळही धरत नाही.

संथ बोटीची नाळ मुळात फारशी उचलत का नाही, हेही पाहायला हवं. चालणारी बोट पाण्यात लाटा उठवते आणि वेग वाढेल तशी त्या लाटेची लांबी वाढत जाते. चार नॉटला ती लाट पावणेतीन मीटरची असते, साडेसात नॉटला साडेनऊ मीटरची. म्हणजे दहा मीटर लांबीची बोट साडेसात नॉटच्या पुढंमागं स्वतःच उठवलेल्या एका लाटेएवढी होते. नाळ एका शिखरावर, पिछाडी दुसऱ्या शिखराजवळ. त्याहून पळवायला गेलं की मागचं शिखर बोटीच्या मागं पडतं, पिछाडी खोलगटात बसते आणि बोटीला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. इंग्लंडमधले अभियंते विल्यम फ्रूड यांनी १८७० च्या दशकात टॉर्के इथं लांबलचक हौद बांधून छोट्या नमुना बोटी त्यातून ओढल्या आणि लाटांच्या या गणिताला प्रयोगाचा पाया दिला. ट्रिम टॅबचं खरं काम हा चढ सुरू होतो तिथून पुढं आहे. गेटवेहून तासाभरात घारापुरीला पोचणारी लाकडी लाँच त्या चढापाशी जातच नाही. तिची पिछाडी बसलेली दिसली तर कारण वेगात नसतं. पाण्याची टाकी, इंजिन, सामान किंवा माणसं मागं गोळा झालेली असतात.

ट्रिम टॅब या शब्दाची मोहिनीही लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेतले रचनाकार बकमिन्स्टर फुलर १९८३ मध्ये वारले. त्यांच्या थडग्यावर "कॉल मी ट्रिमटॅब" अशी अक्षरं कोरलेली आहेत. प्रचंड जहाजाच्या प्रचंड सुकाणूच्या कडेला एक चिंचोळी पट्टी असते, ती हलली की सुकाणू वळतं आणि सुकाणू वळलं की जहाज. एकटा माणूस समाजाला असाच वळवू शकतो, हे त्यांचं म्हणणं होतं. विचार मोठा आहे, पण ती पट्टी सुकाणूवरची. बोटीच्या पिछाडीला लावतात ती पट्टी नाव तेच घेऊन फिरते आणि काम दुसरंच करते.

संथ सफरी बोटीचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या मुंबईत जन्मलेला आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतला तरुण अधिकारी. त्यानं कुलाब्यात सागवानी 'सुहेली' बांधून घेतली. इथल्या सुतारांनी हातहत्यारांनी घडवलेली ही बत्तीस फुटी नौका डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधल्या फॅलमथहून एकटा निघाला आणि कुठंही न थांबता पृथ्वीला फेरी घालून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथंच परतला. ३१२ दिवस लागले. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. ही फेरी म्हणजे एक शर्यत होती आणि तीत उतरलेल्या नऊजणांपैकी ती पूर्ण करणारा तो एकटा.

सुहेलीचा सरासरी वेग किती होता? तीस हजार सागरी मैलांना ३१२ दिवसांनी भागलं तर चार नॉटच्या आसपास. भरल्या बैलगाडीच्या दुपटीहून फार जास्त नाही. वाटेत, ऑस्ट्रेलियाजवळ, तिचं वाऱ्यावर चालणारं आपोआप सुकाणू मोडलं. पुढं निम्म्याहून जास्त जग उरलेलं, हाताशी दुसरा माणूस नाही, आणि झोप तर घ्यायलाच हवी. नॉक्स-जॉन्स्टननं शिडं अशी जुळवली की सुकाणूला हात न लावता नौका आपली दिशा धरून चालावी. पुढचं शीड थोडं आवळ, मागचं थोडं सोड, वाऱ्याचा जोर दोन्हींकडं तोलून घे. दांडीवर तळहात ठेवून भार पाहणाऱ्या गाडीवानाचीच ही रीत. यंत्र मोडल्यावर उपयोगी पडली ती बोटीची घडण आणि तिचा तोल. त्या दोन्ही गोष्टी कुलाब्याच्या सुतारांनी आधीच देऊन ठेवल्या होत्या.

ही परंपरा तुटली नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी छप्पन्न फुटी 'म्हादेई' बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून तिच्यावर एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्यानं प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढं अभिलाष टॉमी यांच्यासाठी सुहेलीच्या घडणीची 'तुरिया' याच दांडेकरांनी बांधली. अशा नौकांमध्ये तोल तळाशी, कण्याखालच्या वजनात असतो. कोकणातले जुने खलाशी तोलासाठी बोटीच्या पोटात दगड भरत आणि त्याला नीरम म्हणत. शब्द आता मागं पडला आहे, पण त्यामागची अक्कल प्रत्येक शिडाच्या नौकेत जिवंत आहे.

ट्रिम टॅबच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. बाजूनं वारा लागला की उंच केबिनची बोट कलते, माणसं एका अंगाला गेली की कलते, आणि पट्टी ती सरळ करते. बोट दहा-बारा नॉटच्या वर जात असेल तर हे मान्य. मांडव्याला पळणाऱ्या स्पीडबोटी, किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या वेगवान बोटी यांना पट्ट्या शोभतात आणि लागतातही. मोठ्या आकारावर हे तत्त्व युद्धनौकांनीही वापरलं आहे. अमेरिकी नौदलाच्या आर्ले बर्क वर्गाच्या विनाशिकांना पिछाडीला अशीच कायमची झडप लावलेली असते आणि तिनं इंधन वाचतं. पण त्या विनाशिका तीस नॉट गाठणाऱ्या आहेत. मालवाहू जहाजं मात्र ट्रिम साधण्यासाठी पोटातल्या टाक्यांमधलं पाणी पुढंमागं करतात. हजारो टनांच्या जहाजाला जे वजन हलवून साधतं, ते वीस माणसांच्या बोटीला माणसं हलवून का साधू नये?

संथ बोट खरोखर सुधारायची असेल तर काय करावं, याचा धडा केरळात आहे. जानेवारी २०१७ मध्ये वैकम ते तवणक्कडवु या मार्गावर 'आदित्य' ही सौरऊर्जेवर चालणारी प्रवासी बोट सुरू झाली. नवाल्ट कंपनीचे संदीत तंडाश्शेरी यांनी ती घडवली आणि केरळ राज्य जलवाहतूक विभाग ती चालवतो. पंचाहत्तर प्रवासी, वीस मीटर लांबी, वीस-वीस किलोवॉटच्या दोन मोटारी. वेग पाच-सहा नॉटचा. इतक्या थोड्या ताकदीत इतकी माणसं जातात कशी? एका रुंद पोटाऐवजी दोन सडपातळ पोटं शेजारी जोडली आहेत. सडपातळ पोट पाणी कमी ढकलतं, त्यामुळं लाट लहान उठते आणि वीज कमी खर्च होते. दोन पोटांमधल्या अंतरामुळं माणसं एका अंगाला गेली तरी बोट फारशी कलत नाही. त्यात काच-तंतूची हलकी बांधणी. ट्रिम टॅब जे नंतर दुरुस्त करायला येतो, ते इथं आराखड्यातच मिटवलं आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या जलाशयावर, विष्णुपुरीच्या शंकरसागरावर म्हणा, उद्या प्रवासी किंवा पर्यटनाची बोट घ्यायची ठरली तर निविदा लिहिणाऱ्यानं आधी वैकमला जाऊन यावं.

मुद्दा इंधनाचा आणि पैशाचाच असता तर एवढ्या कळकळीनं लिहायची गरज नव्हती. तो जिवाचाही आहे.

पुरातली बोट कशी चालते ते डोळ्यांपुढं आणावं. रबरी बोट, मागं ओबीएम, म्हणजे बाहेरून लावलेलं इंजिन. जाताना दोन-तीन जवान, बोट हलकी. गढूळ पाण्याखाली कुंपणाच्या तारा, विजेचे खांब, बुडालेले ट्रॅक्टर. त्यामुळं वेग चालण्याएवढाच. मग बोट एका पत्र्याच्या छपराशी येऊन थांबते. छपरावर म्हातारी आहे, कडेवर मूल घेतलेली बाई आहे, कागदपत्रांची पिशवी छातीशी धरलेला माणूस आहे. सगळे एकाच बाजूनं उतरणार. पहिला पाय बोटीच्या कडेवर पडतो आणि कड खाली जाते. त्या क्षणी बोटीचा वेग शून्य असतो. शून्याचा वर्ग शून्य. ट्रिम टॅबची उचल शून्य. बोट सर्वांत जास्त कलण्याची वेळ हीच, आणि पट्टी काहीही करू शकत नाही ती वेळही हीच. त्या वेळी बोट तोलते ती आधीच समोरच्या कडेला जाऊन बसलेल्या जवानामुळं आणि "एकेक जण, खाली बसा, उभं राहू नका" या त्याच्या दरडावण्यामुळं.

उभा माणूस बोटीचा भार उंचावर नेतो, बसलेला तो खाली आणतो. धावत्या बोटीला पाण्याच्या जोराचा थोडा आधार असतो, संथ बोटीला तोही नसतो. तिच्याजवळ असते फक्त पोटाची घडण आणि वजनाची मांडणी.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला कृष्णेच्या पुरात गावकऱ्यांना नेणारी बोट उलटली आणि सतराजणांचे जीव गेले. बोटीत पेलवेल त्याहून जास्त माणसं होती. आत चढणाऱ्याला दोष देता येत नाही. घरात पाणी शिरलेलं असताना पुढच्या फेरीची वाट कोण पाहणार? किती माणसं हे आधी ठरलेलं असायला हवं होतं आणि ते ठामपणे सांगणारं कुणीतरी हवं होतं. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडं जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहाजण गेले. रोजच्या ये-जा करण्याच्या वाटेवरची ती साधी बोट होती. या दोन्ही ठिकाणी ट्रिम टॅबनं कुणी वाचलं असतं का, हा प्रश्न विचारतानाही संकोच वाटतो. पण खरेदीच्या यादीत दिसायला देखणी, बटणांची साधनं वर चढतात आणि पट्टे धड असलेली लाइफ जॅकेट खाली राहतात. तेव्हा तो विचारावाच लागतो.

ट्रिमसाठी अशा बोटीत जे साधन आधीपासून असतं, त्याकडं मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ओबीएमच्या कंसात ओळीनं भोकं असतात आणि त्यांतल्या एकात बोटाएवढी लोखंडी खुंटी अडकवलेली असते. खुंटी आतल्या भोकात घातली की इंजिनाचं खालचं टोक बोटीकडं ओढलं जातं आणि नाळ खाली दबते. बाहेरच्या भोकात घातली की नाळ उचलते. बोट रिकामी असताना एक भोक, भरलेली असताना दुसरं. खुंटी बदलायला मिनिटही लागत नाही, पण निघण्याआधी ती पाहायची सवय लागते. नाळेत फार माणसं बसवली तर बोट नांगरासारखी पाणी फाडत जाते आणि पुढून पाणी आत येतं. सगळी मागं बसवली तर नाळ हलकी होऊन वाऱ्यानं फिरते. जड माणसं मधे, म्हातारी माणसं आणि मुलं तळाशी, इंजिनवाल्याला समोरचं दिसेल एवढी मोकळी जागा. इतकं साधं आहे हे, आणि तरीही ते शिकवावं लागतं, कारण भेदरलेला माणूस आपण होऊन मधे बसत नाही. तो कडेला धरून उभा राहतो.

१९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ मध्ये आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटींची तपासणी आणि नोंदणी त्यात आहे. पण कायद्याची धार पाण्यावर दिसायची तर ती बोटीच्या अंगावर रंगवलेली दिसली पाहिजे. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत बचावासाठी किंवा पर्यटनासाठी जी जी बोट असेल तिच्या कडेवर, लांबून वाचता येईल अशा हातभर अक्षरांत, माणसांचा आकडा मराठीत लिहिलेला असावा. पाण्यात किती बुडाल्यावर भरणं थांबवायचं त्या पातळीची लाल रेघ दोन्ही अंगांना, पुढं आणि मागं, असावी. प्रत्येक तालुक्याला जॅकेटं इतकी असावीत की एक फेरी माणसं उतरवून येईपर्यंत छपरावरच्यांच्या अंगातही ती असतील. ट्रिम टॅबच्या एका जोडीसाठी पट्ट्या, पंप, वायरिंग, बटणं आणि पुढची देखभाल एवढं सगळं लागतं. रंगाचा डबा, ब्रश आणि जॅकेटांचे पट्टे दुरुस्त करायला एक शिंपी त्यापुढं काहीच नाही.

आणि दरवर्षी मृगाच्या आधी एक सराव व्हावा. जवळच्या ज्या तलावात पाणी उरलं असेल तिथं बोट उतरवावी. पन्नास-पन्नास किलोची वाळूची पोती माणसांच्या जागी ठेवावीत. सगळी मागं ठेवून एक फेरी, सगळी पुढं ठेवून एक, मग मधे. खुंटीचं भोक बदलून पुन्हा तेच. शेवटी बोट काठाच्या दगडाशी उभी करून गावातल्या दहा धडधाकट माणसांना एकाच बाजूनं चढायला सांगावं आणि रेघ कुठवर बुडते ते सगळ्यांनी पाहावं. बोट चालवायला शिकणाऱ्या पोरांमध्ये बैलगाडी भरलेला एखादा असेलच. पोती कुठं ठेवायची, हे आधी त्याला विचारावं.